हरणीनं आधी कुणाला उचललं

कुत्रीची दोन्ही पिल्लं पाटीतून काढून माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, खळ्यावर ठेवली, एक माझ्या डाव्या हाताला, एक उजव्या, आणि म्हणाला, "अनशे, आता हात लावायचा न्हाई."

"मी काय बाजारात वांगी चिवडायला आलेय का?" मी म्हणाले.

तो हसला नाही. एरवी माझ्या तोंडाला तो हसायचाच. त्या दिवशी तो खळ्याच्या कडेला उकिडवा बसला, गुडघ्यांना हातांची मिठी घालून, आणि गोठ्याच्या दाराकडं बघत राहिला. धुकं इतकं होतं की गोठा दिसत नव्हता, नुसता काळा डाग दिसत होता. खळं, आम्ही आणि ती दोन पिल्लं, एवढंच जग उरलं होतं. बाकीचं कुणीतरी घडी घालून ठेवून दिलं होतं.

माझी थोरली सून म्हणते, सासूबाई हे स्वप्नातलं सांगतात. सांगत असेन. पण तिला कालची भाजी कशात केली ते आठवत नाही, आणि मला त्या धुक्याचा वास आठवतो. करडईचा, ओल्या कडब्याचा आणि कुत्रीच्या दुधाचा.

ही गोष्ट नदीवर पूल व्हायच्या आधीची. माझं माहेर नदीच्या पल्याड, सासर अल्याड. माहेरी पिढ्यान् पिढ्या पश्मी कुत्री. पश्मी म्हणजे गल्लीतलं कुत्रं नव्हे. लांब तोंड, मुठीत मावेल अशी कंबर, कानाला आणि शेपटीला रेशमासारखे केस. ती हरभऱ्याच्या रानातून पळत निघाली की वाटायचं, कुणीतरी पाणी सोडलंय. लहानपणी मी आणि अण्णा बांधावर बसून नुसतं त्यांचं पळणं बघायचो आणि घरी उशिरा गेलो म्हणून मार खायचो.

आमच्या घरात कुत्र्यांचा एक नेम होता. लेकीनं मागितलं तर नर द्यायचा. मादी उंबऱ्याबाहेर जायची नाही. बहिणीला नाही, आत्याला नाही, गावच्या पाटलाला नाही. माझ्या लग्नात माझ्याबरोबर गाडीत सर्जा आला, तो नर. तो म्हातारा होऊन मेला, तशी मी नदी ओलांडून माहेरी गेले, चार दिवस राहिले आणि नवा नर पदरात घेऊन आले. तो गेला, पुन्हा गेले. मग तिसरा, बाज्या. तो त्या वर्षी दसऱ्याला गेला. खळ्यातल्या वैरणीत त्याला जनावर डसलं.

आता मला मागायचा कंटाळा आला होता. घरात सुना आल्या होत्या, माझ्या शब्दावर बारा माणसं उठत-बसत होती, आणि कुत्र्यासाठी मात्र मी दर खेपेला पदर पसरून भावाच्या दारात. नर आणायचा, वाढवायचा, जीव लावायचा आणि पुरायचा. मागं काहीच नाही. मादी दारात असली की लोकांनी माझ्याकडं यावं. मी खाटेवर बसून म्हणावं, बघू, पुढच्या खेपेला. मला ते पाहिजे होतं. आणि खरं सांगायचं तर मला हरणीचं रक्त पाहिजे होतं. त्या घरात मी वाढले आणि त्यातलं टिकणारं असं काहीच माझ्याबरोबर आलं नव्हतं.

हरणी ही अण्णाकडची मादी. ती व्याल्याचा निरोप आला. पिल्लं रोगानं गेली, दोनच राहिलीत, एक नर, एक मादी, दूध सुटत आलंय, येऊन जा. मी लेकाला सांगून निघाले, की मादी घेऊन येईन, नाहीतर पुन्हा माहेरचं नाव काढणार नाही. तो म्हणाला, आई, कुत्र्यासाठी कुणी असं बोलतं का. मी म्हटलं, तू गप नांगर धर.

पोचले त्या संध्याकाळी अण्णानं माझ्यासाठी रानात आगटी पेटवली होती. हुरड्याचे दिवस. तो कणसं भाजायचा, तळहातावर चोळायचा, फुंकर मारून कोवळे हिरवे दाणे माझ्या पुढ्यात टाकायचा. स्वतः एक दाणा तोंडात टाकत नव्हता. मी म्हटलं, वयनीच्या हातची चटणी आता आवडंना व्हय? केवळावयनी, माझी भावजय, गरीब बाई, नुसती माझ्याकडं बघत राहिली. ती कधी उलटून बोलायची नाही, म्हणून मला तिच्याशी भांडायचं कधी सुख मिळालं नाही.

हरणी आगटीपाशी पडली होती. धूर तिच्या अंगावरून जायचा आणि मला कळायचं नाही धूर कुठं संपला आणि ती कुठं सुरू झाली. पिल्लं तिच्या पोटाशी. नर पांढुरका, मादी आईच्या रंगाची, वाळल्या गवतासारखी. मादीनं डोळे उघडून एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटले.

मी आडपडदा ठेवला नाही. "अण्णा, या खेपेला मला मादी पाहिजे."

वयनीचा हात चटणीच्या वाटीत थांबला. अण्णा कणीस चोळत राहिला. चोळून झालं, फुंकर मारून झाली, दाणे माझ्या पानावर पडले. मला वाटलं आता नाही म्हणतो. मी सगळी भांडणं तयार ठेवली होती, लग्नात दिलेल्या फुटक्या हंड्यापासून पुढची सगळी.

"मी कोण देणारा," शेवटी तो म्हणाला. "सकाळी हरणीला विचारू."

हीसुद्धा आमच्या घरची जुनी रीत. दोन पिल्लं सारखीच चांगली असली आणि निवड होईना, की दोघांना खळ्यावर उघड्यावर ठेवायचं आणि आईला सोडायचं. पिल्लं जड झालेली असतात, ती दोन्ही एकदम नेऊ शकत नाही, तिलाही विचार करावा लागतो. ज्याला ती आधी उचलून घरात नेईल ते घरचं. मागं राहील ते पाहुण्याचं. लोक म्हणायचे, आईला बरोबर कळतं कोणतं दमाचं निघणार ते.

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, अण्णा, म्हातारा झालास पण लबाडी गेली नाही. रीतीच्या आड लपतोस. पण मलाही एक गोष्ट ठाऊक होती. आमची माय एकदा वाती वळता वळता बोलून गेली होती, की कुत्री दमाचं-बिमाचं काही बघत नाही, जे कुडकुडतं, रडतं, त्याला आधी उचलते. आई आहे ती, सावकार नव्हे. मी तेव्हा परकरातली पोर होते. मला वाटत होतं ते माझ्या एकटीच्याच ध्यानात आहे.

सकाळी उठले तर सगळं पांढरं. वयनी धारा काढायला गेली होती, बादलीत दूध पडल्याचा आवाज यायचा, वयनी दिसायची नाही. अण्णाचं अंथरूण रिकामं. मी गोठ्यात गेले. हरणी बाहेर फिरून यायला गेली होती, पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती. मी मादीला उचललं, शालीत गुंडाळलं आणि पाणी तापवायच्या चुलीपुढं जाऊन बसले. वाटीत कोमट दूध घेतलं, ज्वारीची भाकरी कुस्करली आणि तिला बोटानं चारली. तिनं पोट टम्म होईस्तोवर खाल्लं. मग माझ्या मांडीवर, जाळाच्या उबेत, अशी झोपली की तिचे पाय झोपेत पळायला लागले. मी त्या पायांकडं बघत बसले. कुठल्या रानात पळत होती कोण जाणे. मला वाटलं, ते आमचंच हरभऱ्याचं रान असावं, आणि बांधावर आम्ही दोघं बसलेलो असावे.

अण्णाची चाहूल लागली तशी मी तिला घाईनं पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं, नराकडं बघितलंही नाही, आणि चूळ भरत उभी राहिले, जशी काही आत्ताच उठले.

तर आता खळं.

मादी माझ्या उजव्या हाताला होती, पोटभर जेवलेली. ठेवली तशी ती जागच्या जागी गोल फिरली आणि झोपली. डाव्या हाताला नर. तो लगेच कुडकुडायला लागला. आधी नुसता थरथरला, मग बारीक आवाज काढला, मग मोठा. धुक्यात तो आवाज लहान मुलासारखा वाटत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मी अण्णाकडं बघितलं. तो गोठ्याकडंच बघत होता.

"सोड गं," तो वयनीला म्हणाला.

हरणी धुक्यातून आली. आधी नुसते पाय दिसले, मग छाती, मग तोंड. तिला घाई नव्हती. ती दोघांच्या मधोमध येऊन उभी राहिली. मादीकडं गेली, हुंगलं. तिनं मादीच्या तोंडाला लागलेलं दूध चाटलं, अगदी सावकाश, आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. कुत्रीला कळतं म्हणतात ते खरं असेल तर तिला तेव्हा सगळं कळलं. नर किंचाळला. ती वळली, त्याची मान दातांत धरली, उचलला. तो जड झाला होता, मागचे पाय जमिनीवर घासत होते. तशी ती त्याला धुक्यात घेऊन गेली.

मी मादीला उचललं आणि पदरात घातलं. "झालं," मी म्हणाले. "हरणीनंच दिली. आता कुणी काही बोलायचं न्हाई."

"कोण बोलतंय," अण्णा म्हणाला. तो जमिनीला हात टेकून उठला, आणि उठायला त्याला वेळ लागला.

मी जिंकले होते. जिंकल्यावर माणसाला उगाच चांगलं वागावंसं वाटतं, म्हणून मी गोठ्यात नराला बघायला गेले. म्हटलं त्यालाही जरा कुरवाळावं. हरणी त्याला चाटत होती, अंगभर, थांबतच नव्हती. मी वाकून त्याच्या पोटाखाली हात घातला आणि हात तसाच राहिला.

तो भिजलेला होता. धुक्यानं केस ओले होतात, कातडी नाही. हा पाठीपासून पोटापर्यंत निथळत होता. पाणी थंडगार. गोठ्याला लागूनच जनावरांचा हौद होता, आणि हौदाच्या काठावर ओल्या हाताचे ठसे.

मी बाहेर आले. अण्णा खळ्यावर तसाच उभा होता. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत काळी पडलेली, ओली.

"बाही कशानं भिजली?"

त्यानं बाहीकडं बघितलं, जशी ती दुसऱ्याची असावी. "हौदात हात घातला हुता."

"कधी?"

"तू चुलीपुढं बसून हिला दूधभाकरी चारत हुतीस, तवा."

मग मला राग आला, आणि रागानं मला धीर येतो. मी त्याला म्हटलं, दोघांना एकाच बाजूला ओढायचं होतं तर हा खेळ कशाला मांडला, सरळ उचलून का दिली नाहीस, म्हातारपणी मला चोरी करायला लावलीस. तो म्हणाला, चोरी तुझी तू केलीस, मला विचारून केली नाहीस. आणि मग म्हणाला की मायला शब्द दिला होता, आपल्या हातानं मादी बाहेर देणार नाही. हरणीनं दिली तर त्यात त्याचा काय दोष.

"मायचा हा असला कसला शब्द?" मी म्हणाले. "लेकीनं काय पाप केलं हुतं? जन्मभर मेला नर एकेक."

अण्णा खळ्याच्या मेढीला टेकला. धुकं आता जरा हललं होतं, मागची चिंच अर्धी दिसत होती, वरची अर्धी. तो माझ्याशी नाही, त्या चिंचेशी बोलल्यासारखा बोलला.

"माय म्हणायची, लेकीला मादी दिली की लेक गेली. तिच्या दारात पिल्लं हुतील, मग ती कशाला येती? नर द्यावा. नर आज ना उद्या मरतो, मग लेक परत येती. चार दिवस राहती."

माझ्या डोळ्यांपुढं मीच नदी ओलांडून येताना दिसत होते. एकदा तरुण, एकदा पोर कडेवर घेऊन, एकदा केस पिकलेली. दर खेपेला रडत यायचे, कुत्रं मेलं म्हणून. आणि दर खेपेला माय, नंतर ही वयनी, चूल पेटवून वाट बघत असायची. मी समजत होते मला कमी दिलं. ते मला बोलवत होते.

मग एकदम माझ्या लक्षात आलं, आणि पदरातलं पिल्लू जड झालं.

"मग आज का देतोस?"

वयनी धारेची बादली घेऊन येत होती, ती खाली ठेवून ती आमच्यापाशी आली, आणि ज्या बाईनं मला आजवर उत्तर दिलं नव्हतं तिनं त्या दिवशी दिलं. लातूरच्या डॉक्टरानं सांगितलंय, ती म्हणाली, पोटात गाठ आहे, कापून उपयोग नाही. दिवाळीपासून अन्न खाली उतरत नाही. तुम्हाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातली. सगळं एका दमात बोलली, पदराचा बोळा तोंडाशी धरून, आणि बादली उचलून घरात गेली.

मी त्याला किती बोलले ते आता सांगत नाही. बोलता बोलता मी पदरातली मादी काढली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"मला नर दे," मी म्हणाले. "नर दे मला, अण्णा. मादी तुझ्या घरात ऱ्हाऊ दे. माझा नर मरंल, मी परत येईन."

"कुणाकडं येशील?"

"तुझ्याकडं."

तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "जन्मभर मादीसाठी तोंड वाजवलंस. आता मिळाली तर न्हाई म्हणतीस. तुझं सासर कसं नांदलं असंल तुझ्याबरोबर." मग तो वाकला, एका हातानं मेढ धरून, आणि मादीला उचलून पुन्हा माझ्या पदरात ठेवली. "मला नर बरोबर हाय, अनशे. तो माझ्यापुरता. त्याच्यामागं काही उरायचं न्हाई, मला कुणाची सोय लावावी लागायची न्हाई. हिची लावायची हुती. ती लागली."

पिल्लू झोपेतच माझ्या पोटाला तोंड घासत होतं. मला अण्णाला मिठी मारता आली नाही. भाऊ-बहीण आमच्याकडं तसं करत नाहीत. मी नुसती त्याची ओली बाही वर दुमडून दिली, कोपरापर्यंत, नीट. म्हटलं, थंडी बाधंल.

मला राहायचं होतं. राहते म्हणाले. तोच नको म्हणाला. तुझ्या घरी सुगी तोंडावर आलीय, पाच दिवसांनी ये, पंधरा दिवसांनी ये, आता पिल्लाला घेऊन जा, उन्हं तापायच्या आत. वयनीनं माझ्या ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला. अण्णा उतारापर्यंत आला आणि तिथल्या दगडावर बसला. पुढं उतरणं त्याला झेपण्यासारखं नव्हतं. मी वाकून पाया पडले. उठले आणि मागं न बघता खाली उतरले. बघितलं असतं तर गेले नसते.

नदीवर धुकं अजून तसंच होतं. थंडीतली नदी, घोट्याएवढं पाणी, मधेमधे दगड. मी पाण्यात पाय घातला आणि मागं पाण्याचा आवाज आला.

हरणी आली होती. तिच्या नाकाला लेकीचा वास लागला होता. मी पुढं गेले, तीही आली. मी थांबले, तीही थांबली. मधोमध आल्यावर ती एकदा माझ्या पदराकडं बघायची, एकदा मागं वळून त्या पांढऱ्याकडं. तिथं दगडावर अण्णा होता, गोठ्यात दुसरं पिल्लू होतं, आणि इथून काहीच दिसत नव्हतं. मला वाटलं तो शीळ घालील, तिला माघारी बोलवील. पण त्यानं घातली नाही. बसला असेल ऐकत, कुणाची पावलं कुठं जातात ते.

मी वाकले. मादीचं तोंड पदरातून काढून तिला हुंगू दिलं. तिनं चाटलं. मग मी पदर झाकून घेतला.

"बास," मी म्हणाले. "जा आता घरी."

ती हलली नाही. पाणी तिच्या पायांभोवती फिरत होतं.

"काय बघलालीस? हिला मी बघते. हिची काळजी करू नको. तू मागं फिर. तो जेवंना तर त्याच्या ताटापुढून उठू नको. रात्री पायाशी निजत जा, पाय गार पडतात त्याचे. मला ऱ्हाता येत न्हाई, हरणे. मी दिलेली हाय. तुला कुणी दिली न्हाई."

तिनं कान मागं टाकले, जणू मी रागावले होते. मी रागावलेच होते. मग ती वळली आणि पाण्यातून सावकाश, अजिबात आवाज न करता, त्याच्याकडं गेली.